दारातली फरशी

"मग गादीवर कोण बसणार, महाराज?"

अच्युतस्वामी वर बघत होते. "ह्या गॅलऱ्या बघितल्यास का, मुकुंदा? सगळ्या लाकडी. आणि एकीचा रंग दुसरीला नाही."

मुकुंदशास्त्रींनी नुसती मान हलवली. ते गॅलऱ्या बघायला आले नव्हते.

माल्टा बेटावर नोकरी करणाऱ्या एका भक्ताने या गुरुशिष्यांना हौसेने बोलावून घेतलं होतं. तो सकाळी कामावर गेला की दोघे व्हॅलेटा शहर बघत हिंडायचे. स्वामींचं वय झालं होतं. परत गेल्यावर ते कृष्णाकाठच्या मठाच्या गादीसाठी कुणाचं तरी नाव सांगणार होते आणि शास्त्रीबुवा गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. त्यांच्या प्रवचनाला मांडव पुरत नसे. पण अलीकडे लोक मठातल्याच रघुवीर नावाच्या शिष्याचं नाव घेऊ लागले होते, आणि त्या नावाने शास्त्रीबुवांची झोप उडाली होती.

"रघुवीरला दोन श्लोक धड म्हणता येत नाहीत, महाराज."

"खरं आहे." स्वामींनी हातातली करंजी मोडली. तिकडे ती पापुद्र्यांची मिळते, आत चीज घातलेली. "घे. गरम आहे तोवर खा."

बाराला तटावरची रोजची तोफ उडाली. स्वामींनी दोन्ही कान झाकले आणि खुदकन हसले. शास्त्रीबुवांना हसू आलं नाही.

ऊन टाळायला दोघे एका जुन्या चर्चमध्ये शिरले.

आत येताच शास्त्रीबुवा थबकले. सगळी जमीन रंगीत संगमरवराची, आणि प्रत्येक फरशीखाली एकेक सरदार पुरलेला. वर त्यांची नावं, ढाली, कवट्या. मोकळी अशी तिळाएवढी जागा नाही.

"शिव शिव!" त्यांनी वाकून फरशीला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि दोन फरश्यांच्या सांध्यावरून चवड्यांवर उड्या मारत निघाले. लोक वळून बघू लागले.

स्वामी आपले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सरळ चालत होते.

"महाराज, मेलेल्या माणसावर पाय देऊ नये."

"असं? … त्यांना विचार."

दाराशी चर्चचा म्हातारा सेवेकरी बसला होता. टोकदार टाचांचे बूट घातलेल्या बायकांना थांबवून तो सपाता देत होता. ह्यांच्यावर पाय दिलेला चालतो का, असं शास्त्रीबुवांनी त्याला इंग्रजीत विचारलं.

"टाचांनी दगड खराब होतो," तो म्हणाला. "पायांचं काही नाही. पाय तर ह्यांनी मागून घेतलेत." त्याने दारालगतची फरशी दाखवली. "हा मोठा माणूस होता. त्याला वेदीजवळ जागा मिळत होती. त्याने दारात मागितली. येणाऱ्याचा पहिला पाय आपल्यावर पडावा म्हणून."

त्या फरशीवरचं नाव पार झिजलं होतं.

शास्त्रीबुवांनी हे स्वामींना मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा चेहरा खुलला. "आपल्याकडेही पायरीखाली जागा मागणारे संत झाले, महाराज. त्यावर मी तासभर बोलतो. लोक रडतात."

"ऐकलंय मी. छान बोलतोस. मीही रडलो होतो."

शास्त्रीबुवांना धीर आला. "मग महाराज, गादीचं…"

स्वामींनी दारातल्या फरशीकडे बोट केलं. "इथे बस जरा."

"इथे? थडग्यावर?"

"मी आतलं बघून येतो."

गुरूची आज्ञा. शास्त्रीबुवांनी फरशीला नमस्कार केला आणि धोतर सावरून मांडी घातली.

तेवढ्यात जहाजावरून उतरलेला एक घोळका आत आला. पुढे छत्री उंच धरलेला गाइड, मागचे सगळे छताकडे बघणारे. कुणाची पिशवी शास्त्रीबुवांच्या डोक्याला लागली. कुणी गुडघ्याला अडखळलं. मग एका धिप्पाड माणसाचा बूट थेट त्यांच्या मांडीवर पडला.

शास्त्रीबुवा ताडकन उठले. "डोळे फुटले काय रे? माणूस बसलाय, दिसत नाही?"

मराठी कुणालाच कळली नाही. एकाने त्यांचा फोटो काढला आणि घोळका पुढे गेला.

स्वामी परत आले तेव्हा शास्त्रीबुवा धोतर झटकत होते. बुटाचा ठसा काही निघत नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"केस पिकले माझे तुमच्या सेवेत, महाराज. एवढं तरी सांगा… माझ्यात काय कमी आहे?"

 स्वामींनी वाकून आपल्या उपरण्याने तो ठसा पुसला, जमेल तेवढा.

मग त्यांनी दारातल्या फरशीकडे बघितलं. तिच्यावरून नवा घोळका आत येत होता.

"हे गृहस्थ बघ, मुकुंदा… अजून उठलेले नाहीत."