निळ्या डोंगराची शर्यत

फार पूर्वी एका व्हिडिओ गेमच्या जगात तुफान नावाचा घोडा आणि गबाळ्या नावाचं गाढव एकाच स्वाराकडे होते. पोती वाहून गबाळ्याची पाठ सोलली होती. एकदा धीर करून त्याने तुफानशी पैज लावली. क्षितिजावरच्या निळ्या डोंगरापाशी आधी पोचेल त्याच्यावर स्वार बसेल आणि दुसऱ्याने जन्मभर पोती वाहायची.

स्वाराला घेऊन तुफान उधळला. गबाळ्या पोत्यांसकट रखडत मागून आला, तर घोडा एका बाभळीपाशी जागच्या जागी धावत होता! गबाळ्याने पुढे पाऊल टाकलं आणि त्याचं नाक न दिसणाऱ्या भिंतीवर आपटलं. जग तिथेच संपत होतं. पलीकडचा डोंगर नुसता रंगवलेला होता.

"तुफानराव, थांबा. पुढे भिंत आहे."

"मला तर दिसत नाही! गाढवाला जगाचा पसारा काय कळणार?" घोड्याच्या तोंडाला फेस आला होता. "सकाळपासून धावतोय, तरी संपत नाही. केवढं अफाट जग हे!"

"पण ही बाभूळ सकाळपासून तुमच्या शेजारीच आहे."

"मग तीही चांगली धावते म्हणायची!"

स्वार कंटाळून खाली उतरला. गबाळ्याची पोती सोडून त्याने तुफानच्या पाठीवर बांधली. धावण्याच्या नादात तुफानला ते कळलंही नाही. मग स्वार गबाळ्यावर बसून गावाकडे निघाला.

तुफानने तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि तो खिंकाळला, "बघा! गाढव शेवटी मागे पडलंच!"