झाकण लागलेली टोपली

एका जंगलात एक टोपली राहत असे. हो, मुलांनो, टोपलीच. वाघ-सिंह तिथेही होते, पण गोष्ट टोपलीची आहे. फार पूर्वी एका दुष्काळात सगळ्या प्राणी-पक्ष्यांनी मिळून वडाखाली बांबूची मोठी टोपली ठेवली. ज्याच्याकडे असेल त्याने तिच्यात धान्य टाकायचं, ज्याच्याकडे नसेल त्याने त्यातून न्यायचं. कुणाला विचारायची गरजच नव्हती. तेव्हापासून त्या जंगलात सरकारी खजिन्याला ‘टोपली’ असंच म्हणत. जंगलात नवी सून आली की ती टोपलीत एक कणीस टाकी आणि आत डोकावून बघे. त्याशिवाय लग्नाची पंगत बसत नसे.

पुढे एकदा धान्य भिजलं, म्हणून टोपलीला झाकण आलं. झाकण कुणी उगाच उचलू नये म्हणून राखणदार आला, तो मोर. राखणदाराला ऊन लागतं म्हणून टोपली गुहेत गेली, आणि गुहा उघडी कशी ठेवायची म्हणून तोंडाशी शिळा बसली. दर वेळी सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण दर वेळचं कारण ऐकायला अगदी रास्त होतं. शेवटी मोराने शब्दही बदलला. टोपली म्हणणं गावंढळ दिसतं, यापुढे ‘राजकोषागार’ म्हणा, असं त्याने पिसारा फुलवून सांगितलं. दाणे आणून मोरापुढे ठेवायचे, तो ते शिळेवरच्या फटीतून आत टाकणार. आत टाकायला फट होती. बाहेर काढायला नव्हती.

मग पाऊस न पडलेलं एक वर्ष आलं. एका खारीची पिल्लं भुकेने निपचित पडली, तेव्हा ती गुहेपाशी गेली. मोराने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं की कोषागार साऱ्या राज्याचं आहे, एका खारीसाठी ते कसं उघडणार? यात माझ्या आजीनेही दाणे टाकलेत, असं खार म्हणाली. त्याबद्दल राज्य तुझ्या आजीचं ऋणी आहे, असं मोर म्हणाला. रागावा, मुलांनो. इथे रागावलंच पाहिजे.

त्याच दिवशी जंगलात एका साळुंकीची वरात आली. नवरी दूरच्या रानातली, अबोल; टोपलीत कणीस टाकून आत बघायची रीत तिने नुसती ऐकलेली. वऱ्हाड गुहेपाशी थांबलं. नवरीने चोचीतलं कणीस पायाखाली धरलं आणि विचारलं, “टोपली कुठे आहे?”

“आत आहे, सूनबाई,” मोर म्हणाला. “कणीस इथे ठेवा आणि शिळेला नमस्कार करा.”

“नमस्कार करते की. आधी बघते.”

वऱ्हाडात कुजबुज झाली. सासू तिच्या कानाशी येऊन पुटपुटली, की पहिल्याच दिवशी एवढं बोलू नये; आम्हीसुद्धा शिळेलाच नमस्कार केला होता.

“मग टोपली तुम्ही पाहिलीच नाही, सासूबाई?”

सासूने हरिणीकडे पाहिलं, हरिणीने सशाकडे, सशाने हत्तीकडे. पाहिली कुणीच नव्हती. नवरी मात्र कणसावर पाय ठेवून तशीच बसून राहिली. टोपलीत कणीस पडेना, म्हणून पंगत बसेना. सकाळपासून पंगतीसाठी पोट रिकामं ठेवलेल्या हत्तीच्याने अखेर राहवेना. कोषागाराचा मान आपण जेवल्यावर राखू, असं म्हणत त्याने शिळेला डोकं लावलं.

शिळा सरकली आणि असा दर्प आला की वऱ्हाड दहा पावलं मागे हटलं. बांबू केव्हाच कुजला होता. कैक वर्षांचं धान्य काळं पडून, बुरशी धरून चिखल झालं होतं.

मोराने मान ताठ केली. “पण मी यातला एक दाणाही खर्च होऊ दिला नाही.”

“माझी पिल्लं तीन दिवस उपाशी आहेत,” खार म्हणाली.

मोराकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सासूने पंगतीसाठी आणलेली दाण्यांची टोपली उचलायला लावली आणि वडाखाली, भर उजेडात मांडली. नवरीने तिच्यात आपलं कणीस टाकलं आणि आत पाहिलं. खार आली, दोन्ही गाल भरून दाणे घेतले आणि कुणालाही न विचारता पिल्लांकडे पळाली. मग सासू हळूच पुढे झाली, मान लांब करून टोपलीत डोकावली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

“चला,” ती म्हणाली, “झालं एकदाचं माझं लग्न.”

तात्पर्य : सगळ्यांनी मिळून भरलेल्या टोपलीत डोकावायला जेव्हा परवानगी लागते, तेव्हा तिला कितीही भारदस्त नाव द्या, आत धान्य कुजतं आणि बाहेर पिल्लं उपाशी राहतात.