मिठावरून पुरणपोळीची परीक्षा

माझी सून शाल्मली हिचा पहिला व्हिडिओ गेम निघाला, तेव्हा मी देवीला पाच मंगळवार बोलले होते. पोरीची दोन वर्षांची मेहनत होती हो!

उद्यापनाला मुलाचा मित्र हेरंब जेवायला आला. नव्या गेमवर तो आपल्या व्हिडिओ चॅनेलवर मत देतो. त्यानं नाक मुरडलं की हजारो लोक तो गेम उघडतही नाहीत. पानावर बसता बसताच म्हणाला, "वहिनी, गेम भिकार आहे तुमचा. नुसता अंधारा बोगदा! संध्याकाळी तसंच सांगणार आहे."

शाल्मलीचा चेहरा पडला. "भाऊजी, बोगद्यापुढे गाव लागतं. तिथवर गेलात का?"

"छे! दहा मिनिटांत मला अख्खा गेम कळतो."

मी त्याचं पान वाढायला घेतलं. रीतीप्रमाणे पानात आधी मीठ वाढलं आणि हात जोडून समोर बसले.

"जेव सावकाश. आणि पुरणपोळी कशी झालीय, ते सांग हं."

"काकू, पानात नुसतं मीठ आहे!"

"अरे, सुरुवातीवरून सगळं कळतं ना तुला?"

सगळी पंगत हसली. आतून तुपाचा वास येत होता. हेरंब कानापर्यंत लाल झाला. "वाढा काकू. गेम संपवल्याशिवाय तोंड उघडणार नाही."

जेवायला मात्र उघडलं. चार पोळ्या खाल्ल्या. आठवड्यानं चॅनेलवर म्हणाला, "बोगदा कंटाळवाणा आहे, पण पुढचं गाव सोडवत नाही."

देवी मला पावली, तुम्हांलाही पावो. तुम्हीही एवढं व्रत धरा: पान पुरतं वाढून होईपर्यंत नावं ठेवू नका.