घडीची करवत

“...पण महाराज, मला मंत्र देणार तरी कधी?”

बोराट्यांनी हे सकाळपासून इतक्यांदा विचारलं होतं, की रतनगीर बाबांच्या मठीतली मांजरही कंटाळून उठून गेली.

बाबांनी खालच्या वाटेकडे बोट केलं. आंब्याची मांडीएवढी फांदी मोडून वाटेवर आडवी पडली होती. दोन टोकं दोन दगडांवर, मध्ये पोकळी.

“डोंगरावर ऊन आहे तोवर तोडलीस, तर मंत्र. नाहीतर घरी जा. पुन्हा येऊ नकोस.”

बोराटे खुलले. निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ जंगलात लागणाऱ्या वस्तू घेत सुटला होता; जंगल तेवढं बघायचं राहिलं होतं. पिशवीतून त्यांनी हिरव्या मुठीची घडीची करवत काढली.

“स्वस्तात मिळाली, महाराज. पण माल बघा! आज पहिलीच परीक्षा.”

“कुणाची?” बाबा म्हणाले, आणि खाली वाटेवर येऊन फांदीच्या मधोमध ऐसपैस मांडी घालून बसले.

बोराट्यांनी करवत लावली. खटका नीट बसला नव्हता. पातं मिटून थेट बोटावर आलं. विकणाऱ्याच्या घराण्याबद्दल ते जे बोलले, ते मठीत बोलण्यासारखं नव्हतं.

खटका बसवला. करवत दोन बोटं आत गेली आणि रुतली.

ओढली. ढकलली. मठीतल्या दिव्यातलं तेल आणून घातलं. पाय लावून ओढली.

“भिकार पातं! मूठ तर त्याहून भिकार!”

बाबा सुपारी कातरत होते. जरा डुलले, की फांदी वाकायची आणि काप पात्याला चावायचा. हे बोराट्यांना चांगलं दिसत होतं. पण गुरूला ऊठ म्हणायचं कसं?

“महाराज, तिकडं सावली आहे...”

“इथं काय वाईट आहे?”

“मुंग्या आहेत हो.”

“असू देत. चावल्या की सांगेन.”

“मग... मठीत चहा घेता?”

“इथंच आण.”

ऊन डोंगराच्या शेंड्यावर चढलं. बोराट्यांचा सदरा भिजला, तळहाताला फोड आले, आणि बाबांनी दुसरी सुपारी काढली.

तेवढी मात्र बोराट्यांना सोसली नाही.

“अहो, उठा की आधी! खुशाल बसलाय छाताडावर! तुमच्याच वजनानं पातं दाबलंय!”

...

बोराट्यांनी जीभ चावली. करवतीची मूठ हातातून सुटली.

बाबा मात्र धोतर झटकत मुकाट उठले.

बोराट्यांनी करवत पुन्हा ओढली. सर्र... सर्र... फांदी कडाडून मोडली, दोन तुकडे दोन्हीकडे झाले. डोंगराच्या शेंड्यावर ऊन अजून होतं.

त्यांनी बाबांचे पाय धरले. “चुकलो, महाराज... तोंड सुटलं माझं. पण वाट मोकळी झाली. आता तरी मंत्र द्या.”

“मी कसला देतोय? मघाशी तूच मला दिलास, ‘उठा की आधी!’”