सशिणीने काढलेली जुनी रोपे

डोंगरमाथ्यावरच्या एका गार, धुकट जंगलात एक सशीण राहत असे. तिच्या बिळासमोर तांबड्या मातीचा एक वाफा होता आणि त्यात स्ट्रॉबेरीची रोपे होती. ती तिच्या सशाने लावलेली. मुलांनो, ससा आता या जगात नव्हता. वाफा तेवढा उरला होता. पूर्वी तिथे अशी फळे लागत, की एकेक फळ खाताना हनुवटीवरून रस ओघळे. शेजारपाजारचे पशुपक्षी येऊन पोटभर खात आणि ससा-सशीण त्यांच्याकडे कौतुकाने पाहत बसत.

पण ससा गेल्यावर हळूहळू फळे लहान होत चालली. सशिणीला वाटले, आपलेच कष्ट कमी पडतात. मग ती उजाडताच झऱ्यावर जाई, पानांच्या द्रोणात पाणी भरून आणी, रोपांखाली वाळलेले गवत पसरी, गोगलगायी वेचून दूर टाकी. पावसाळ्यात रोपांना दोऱ्यांसारखे लांबलांब धुमारे फुटत आणि त्यांच्या टोकांशी इवलीशी नवी रोपे धरत. सशीण ते धुमारे दातांनी कुरतडून फेकून देई. म्हणे, "या पोरांनी सगळा रस ओढला, तर माझ्या थोरल्यांनी काय करावं?" एवढे करूनही फळे वाटाण्याएवढीच राहिली, तीही आंबट. एके दिवशी बुलबुल कुंपणावर येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, यंदा ही कसली फळं? तुझं लक्ष नाही वाटतं वाफ्याकडे!" दुसऱ्या दिवसापासून सशिणीने झऱ्याच्या खेपा वाढवल्या.

अखेर एका संध्याकाळी ती वाटेतच बसली. द्रोण कलंडला, पाणी सांडून गेले, तरी तिला उठवेना. कंद उकरायला निघालेले साळिंदर तिला पाहून थांबले. "ताई, काय झालं?"

"काही नाही रे. पाय उचलत नाहीत आज."

साळिंदराने तिला आधार देत घरी आणले. मग वाफ्यात जाऊन त्याने एका रोपाच्या बुडाशी माती उकरून पाहिली. "अगं, याला पाणी घालून काय होणार? मुळं काळी पडलीत, बुंधा लाकडासारखा झालाय. ही रोपं म्हातारी झाली. आता पावसाळ्यात धुमारे फुटतील, ते राहू दे आणि ही काढून टाक."

"काढून टाक? कुणी लावलीत ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग पुन्हा असं बोलू नकोस!"

साळिंदराने वाद घातला नाही. झऱ्यावरून पाणी आणून तिच्या उशाशी ठेवले आणि ते आपल्या वाटेने गेले.

पुढे कितीतरी दिवस सशिणीच्या अंगात त्राण नव्हते. ती दारात बसून वाफ्याकडे नुसती पाहत राही. आता पाणी घालायला कुणी नव्हते, तरी वाफ्यात फारसा फरक पडला नाही. रोपे होती तशीच राहिली, पिवळट आणि मुकी. एकदा साळिंदर चौकशीला आले, तेव्हा ती आपणहून म्हणाली, "तो असता ना, तर त्याने ही केव्हाच उपटली असती. दर थोड्या वर्षांनी तो धुमाऱ्यांची नवी रोपं करायचा, जुनी काढून टाकायचा. ही त्याच्या हातची शेवटची, एवढंच. मला हे सगळं माहीत होतं रे."

त्या पावसाळ्यात तिने एकही धुमारा तोडला नाही. टोकाची रोपटी मातीला टेकवून त्यांवर खडे ठेवले. त्यांनी मूळ धरल्यावर मगच मधली दोरी कुरतडली. पाऊस ओसरला, तसा तिने पलीकडे नव्या मातीत वाफा केला आणि कोंब मातीत गाडला जाणार नाही अशा बेताने एकेक रोप लावले. मग ती जुन्या वाफ्याकडे वळली. साळिंदर मदतीला आले होते, पण ती म्हणाली, "मीच काढते." एकेक रोप ती उपटत गेली. बिळाजवळच्या शेवटच्या ओळीशी मात्र तिचे पंजे थांबले. "एवढी ओळ तू काढ," असे म्हणून ती पाठमोरी बसली.

नव्या रोपांना फुले आली, तेव्हा आधी मुळे बळकट व्हावीत म्हणून तिने पहिला बहर खुडून टाकला. बुलबुल ओरडला, "मावशी, वेड लागलं का तुला? आधीच जुना वाफा घालवलास, आता फुलंही तोडतेस! आम्ही खायचं काय?"

"यंदा थोडी वाट पाहा," सशीण म्हणाली. त्याला समजावत बसायचे बळ तिच्यात नव्हते.

थंडी सरता सरता पानांआड फळे पिकली. टपोरी, लालबुंद! बुलबुल चोच माखून खात सुटला आणि वर आणखी मागायलाही लाजला नाही. सशिणीने एक फळ साळिंदराला दिले, एक स्वतः खाल्ले.

"पूर्वीसारखीच गोडी आहे ना, ताई?" साळिंदराने विचारले.

सशिणीने रस जिभेवर घोळवला. "नाही, थोडी वेगळी आहे," ती म्हणाली. "पण चांगली आहे."

मग ती उन्हात पाय पसरून आडवी झाली. झऱ्यावरून पाण्याच्या दोन खेपा आणायच्या राहिल्या होत्या. त्या तिने तशाच राहू दिल्या आणि बऱ्याच दिवसांनी तिला भरदुपारी गाढ झोप लागली.

तात्पर्य : ज्याचा काळ सरला त्याला कितीही पाणी घातले, तरी थकतो तो घालणाराच. आपल्या माणसाची आठवण राखायची, तर त्याचे काम पुढे चालवावे.