वळणोबाचा प्रसाद

एका गावाच्या पोटातून हमरस्ता गेला होता. घरं अलीकडं, शेतं पलीकडं. त्यामुळं पोट भरायचं तर रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा. गावात शहाण्यांची मात्र कमी नव्हती. पारावर सकाळपासून त्यांचीच बैठक.

एका सकाळी बयाजी नावाचा शेतकरी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होता. बायको सगुणा थोडी मागं होती. वळणावरून पांढरी गाडी सुसाट आली, तिनं बयाजीला उडवलं, जरा थबकली आणि पळाली. सगुणाला नंबर दिसला नाही. दिसला तो रस्त्यावर पडलेला नवरा, आणि भोवती गाडीच्या फुटक्या दिव्याच्या काचा.

पारावरची मंडळी धावत आली आणि गोल करून उभी राहिली.

“उचला की ह्यांना! बघताय काय?” सगुणा ओरडली.

“कुणी हात लावू नका रे,” माजी सरपंच नाना म्हणाले. “उद्या कोर्टात खेटे कोण घालणार?”

सगुणानं त्यांचा नाद सोडला. भाजीच्या टेम्पोपुढं आडवी होऊन तिनं तो थांबवला. टेम्पोवाल्यानं आणि तिनं मिळून बयाजीला आत घेतलं. चढता चढता ती तात्यांना म्हणाली, “तात्या, त्या काचा तेवढ्या हलवू देऊ नका. त्यावरनंच गाडी सापडंल.”

तात्या गावातले निवृत्त मुख्याध्यापक. सगळ्यांत शिकलेले. “तू निर्धास्त जा, पोरी,” ते म्हणाले.

बयाजी दवाखान्याच्या दारातच गेला. रक्त फार गेलं होतं. जे गेलं, ते गोल करून उभ्या राहिलेल्यांच्या पायाशी गेलं होतं.

दुपारी सगुणा हवालदाराला घेऊन वळणावर आली. रस्त्यावर शेणसडा पडला होता. कडेला एक धोंडा उभा केला होता, त्याला शेंदूर फासला होता, पुढं नारळ फोडला होता.

“काचा कुठं गेल्या?” तिनं विचारलं.

“ओढ्यात सोडल्या,” तात्या म्हणाले. “जागा वाईट आहे, पोरी. बळी मागते. शांत करायलाच हवी होती. आता वळणोबा बसवलाय, यापुढं काळजी नाही.”

जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेला हा माणूस. उत्तर चुकलं तर हातावर वळ उठेस्तोवर छडी मारायचा. ही सगळी मंडळी जित्या माणसाला हात लावायला भ्याली. पुराव्याला लावायला नाही भ्याली.

ओढा भरून वाहत होता. सगुणा कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि अंधार पडेपर्यंत तळ चाचपत राहिली. हाती फक्त गोटे लागले. काठावरून नाना म्हणाले, “पोरी, भोग असतात. देव बघून घेईल.” हवालदार केव्हाच निघून गेला होता.

वळणोबाचं प्रस्थ वाढलं. गाड्यावाले हॉर्न वाजवून नमस्कार करू लागले. वेग कुणीच कमी केला नाही.

पुढं एका दुपारी एक पांढरी गाडी तिथं थांबली. जुनी, धुळीनं माखलेली. तिचा एक दिवा पिवळा पडलेला, दुसरा कोरा करकरीत. आतून एक माणूस उतरला. त्यानं धोंड्यापुढं नाक घासलं. नारळ फोडला. नानांनी त्याला टिळा लावला. “सुखी राहा,” ते म्हणाले.

सगुणा शेतातून येत होती. गाडीपाशी येऊन ती थांबली.

“पाव्हणं, ह्यो दिवा कधी बदलला?”

माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. तो गाडीकडं वळला.

“ए बाई!” नाना खेकसले. “भक्ताला असले प्रश्न विचारतात होय?”

गाडी निघून गेली. या वेळी सगुणानं नंबर पाहिला. तोच घोकत ती ठाण्यात पोचली. हवालदारानं तो ऐकला आणि कपाळाला हात लावला.

“गाडी सापडंल हो. पण हिनंच मारलं, हे कशावरनं? नव्या दिव्याचं मी काय करू? जुन्याचा एक तरी तुकडा पायजे होता.”

त्याला काम टाळायला निमित्तच हवं होतं. ते गावानं स्वतःच्या हातानं पुरवलं होतं.

सगुणा परत आली तेव्हा तात्या पारावर खोबरं वाटत होते. “घे पोरी,” ते म्हणाले, “मघाच्या भक्ताचा प्रसाद. तुझा वाटा राखून ठेवलाय.”

सगुणानं तो तुकडा उलट तात्यांच्याच हातावर ठेवला.

“तुम्हीच खावा, तात्या. त्याला सोडवलंय तुम्ही. वळणोबानं नाही.”

पारावरच्या मंडळींनी खोबरं चावायचं थांबवलंही नाही.

तात्पर्य: गाडी माणूस उडवून पळाली, तर आधी माणूस उचला आणि पोलीस येईपर्यंत काचेचा कणही हलवू नका; जे काम आपलं होतं ते देवावर ढकलणारा, केस कितीही पिकलेले असोत, पळणाऱ्याचाच साथीदार असतो.