खापरीतला विस्तव

पूर्वी शंखपुरात धर्मसेन राजाची राजवट होती, त्या काळी बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. त्याच्या शेजारी भद्रिका नावाची म्हातारी राहत असे. एके सकाळी ती अंगणात मूग वाळत घालत होती. व्यापाऱ्यांच्या तांड्यातला एक माणूस आला, तिचा एकुलता एक मुलगा वाटेत तापाने गेल्याचे सांगून निघून गेला. तिने मूग सुपात गोळा केले, आत गेली आणि दार लावून घेतले.

शेजारी भले होते. रोज कोणी ना कोणी उंबऱ्यावर ताट ठेवून जाई. तिला त्रास नको म्हणून पाऊलही न वाजवता. त्यामुळे म्हातारीला चूल पेटवावी लागेना, बोलावे तर मुळीच लागेना. पावसाळा सरला तरी तिच्या छपरातून धूर निघाला नाही. ताटे अर्धी परत येऊ लागली. चाकावर बसल्या बसल्या बोधिसत्त्व ते पाहत होता.

विस्तव मागायला आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचे नाही, असा त्या नगरीचा रिवाज होता. एक दिवस बोधिसत्त्व खापरी घेऊन तिच्या दारी उभा राहिला.

"माय, जरा विस्तव दे."

आतून आवाज आला, "चूल थंड आहे."

"मग उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी दार उघडले. चुलीत दोन निखारे होते. म्हातारीने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. त्याच्या अंगणात मडकी भाजायचा आवा धडधडत होता.

"अरे कुंभारा, घरी एवढी आग, आणि मागतोस माझ्याकडे?"

"ती मडक्यांची, माय. भाताला तुझाच विस्तव लागतो."

"तुझ्या बायकोने ऐकले तर हीच खापरी डोक्यात घालील," असे म्हणत तिने निखारे दिले.

मग तो रोज जाऊ लागला. विस्तव राखायचा म्हणून ती गोवऱ्यांसाठी बाहेर पडू लागली. चूल पेटलीच आहे तर मूठभर भातही टाकू लागली. निखारे देताना कधी म्हणे, "बस की जरा. माझा मुलगा लहानपणी काय करायचा, सांगते."

"उद्या बसतो, माय. विस्तव विझेल."

चौथ्या हिवाळ्यात एका सकाळी दार नुसते लोटलेले होते. राखेखाली निखारे जपून ठेवले होते. चुलीजवळ पाट मांडला होता. म्हातारी अंथरुणातच गेली होती.

एका कुटीबाहेर अन्न ठेवून हलक्या पावलांनी परतणाऱ्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "तेव्हाची भद्रिका म्हणजे आज त्या कुटीत एकटा बसलेला वृद्ध भिक्षू. शेजारी तुम्ही होता, कुंभार मी होतो. आपला आता कोणाला उपयोग नाही असे ज्याला वाटते, त्याच्यापुढे हात पसरणे हीसुद्धा करुणा आहे. तेवढी मी केली. त्या पाटावर मात्र मी एकदाही बसलो नाही."